धूळ नशिबाने येत नाही

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान लहान कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. ग्राइंडिंग, पॉलिश, रंगाचा फवारा अशा कामांवर जाणाऱ्या एखाद्या कामगाराला दम लागू लागला की घरातील वडीलधारी म्हणतात, "नशिबात होते." बंधू-भगिनींनो, धम्म स्वीकारलेल्या घरात हे वाक्य कसे चालेल? दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हीच तर भगवान बुद्धांची शिकवण आहे.

मग कारण पाहू. जाड धूळ नाकात, घशात अडते. परंतु वाळूचा फवारा मारताना किंवा दगड घासताना उडणारी सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तेथे व्रण पडून फुप्फुस कडक होते. या सिलिकोसिसला बरे करणारे औषध नाही. शिवाय अशा माणसाला क्षयरोग लवकर जडतो. गूळ खाऊन ही धूळ उतरत नाही, कारण गूळ पोटात जातो आणि धूळ फुप्फुसात. तोंडाला बांधलेला रुमालही तिला अडवू शकत नाही.

आता प्रश्न असा की, हा प्राणघात आहे काय? मालक म्हणेल, "कोणाला मारावे असे माझ्या मनात नव्हते." धम्मात चेतनेला महत्त्व आहे, हे खरे. पण धूळ उडते तेथेच ती ओढून घेणारे यंत्र बसवता येते, पाणी मारून ती दाबता येते, हे ठाऊक असूनही जो केवळ खर्च वाचवण्यासाठी तसे करीत नाही, त्याची चेतना निर्मळ कशी म्हणावी? सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत : शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी. १९४८च्या कारखाना कायद्यानेही धूळ-धुराचा बंदोबस्त कारखानदारावरच टाकला होता. मात्र विजेवर चालणाऱ्या जागेत दहापेक्षा कमी कामगार असतील, तर तो कायदा सहसा लागू होत नसे. कायदा माणसे मोजतो. शील माणसे मोजीत नाही.

आणि कामगाराने काय करावे? तोंड उघडले तर उद्या काम जाईल, पोरे उपाशी राहतील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकट्याने न भांडता गाळ्यातील सर्वांनी मिळून मागणी करावी. बाबासाहेबांनी संघटित व्हायला सांगितले ते अशाच प्रसंगांसाठी. खोकला हटत नसेल तर आपण कोणते काम करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. विडी सोडावी. धुळीचे कपडे बदलल्याशिवाय लेकराला उचलून घेऊ नये.

दुसऱ्याचा प्राण घेणार नाही, असे आपण रोज म्हणतो. आपला प्राणही कोणाला फुकट घेऊ देऊ नये, हे त्याच शीलात येते.