आठ तारीख

उमरेडच्या अंगाला पारध्यांचा एक बेडा. आठ तारखेच्या संध्याकाळी नातू घरी आला तो खुशीतच. खिशातून पाचशेच्या नोटा काढून त्यानं आज्याच्या बाजेवर पसरल्या.

“आबा, मुंगूस कसं धरतेत?”

म्हाताऱ्यानं आधी विचारायला हवं होतं, कायले धरतं म्हणून. पण वीस-पंचवीस वर्षांत त्याची विद्या त्याला कुणी विचारली नव्हती. उस्तादाला प्रश्न केला की त्याला राहवत नाही. हा रोग जुनाच. तो उठून बसला.

“आमिष काय लावशीन?”

“केळं.”

“मंग उदमांजर येईन. तेही राती. मुंगूस दिवसाचं जनावर हाय. त्याले अंडं दे, मासोळीचं डोस्कं दे. पन आमिष मागून. पयले जनावर कोनतं ते ठरव, मंग त्याची वाट पाह्य.”

जमिनीवर काटकीनं त्यानं वावर काढलं, धुरा काढला. मुंगूस उघड्या वावरातून जात नाही, धुऱ्याच्या गवतातून कडेकडेनं जातं, रोज त्याच वाटेनं. मधेच मागच्या पायांवर उभं राहून मान फिरवतं, म्हणून मांडलेलं काही नवं दिसता कामा नये. हाताला साबणाचा वास नको. बिडीचा तर नकोच. सुतळी घेऊन त्यानं सरकगाठ मारली, नातवाचं मनगट आत घातलं आणि सोडून दिलं.

“वढ आता.”

पोरानं हात ओढला. गाठ आवळली. आणखी ओढला, आणखी आवळली.

“फास कोनाले धरत नाही, बाबू. जनावर आपल्याच जोरानं धरून घेते. आन तिसरी गोठ, भूक. पोट भरलेल्या जनावरापुढं कोंबडी टांगली तरी पाह्यत नाही. त्याची भूक कोन्या दिवशी लागते, ते ज्याले माहीत तोच पारधी.”

पोरगा मन लावून ऐकत होता. मनगटातली सुतळी सोडवायचंही त्याला सुचलं नाही.

“पैसे कोनं देल्ले?”

चहाच्या टपरीवर भेटलेला माणूस. ब्रशासाठी मुंगसाचे केस पाहिजेत म्हणाला. एक किलो केसाला पन्नासेक मुंगसं लागतात, हे त्यानं सांगितलं नव्हतं. सापडल्यास तीन ते सात वर्षं आत, हेही नाही. उचल दिली, बाकी माल आल्यावर.

“त्याचं नाव?”

“सांगतलं नाही.”

“गाव?”

पोरगा गप्प. गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 साली गेला, पण आसपास काही घडलं की पोलिसांची गाडी आधी बेड्यावरच येते. टपरीवरच्या माणसाला हे पक्कं ठाऊक असणार.

“त्या टपरीवर तू रोज जातं?”

“कामावरून येताना. रोज.”

“आन आजच काऊन आला तो?”

पोरगा म्हणाला, काय माहीत. मग थांबला. गाडीचा हप्ता दहा तारखेला होता. गेल्या महिन्याचा थकला होता, आणि त्याचं रडगाणं त्यानं त्याच टपरीवर चार जणांत गायलं होतं.

म्हातारा काही बोलला नाही. काटकी मात्र त्याच्या हातात होती, आणि वावराच्या कडेकडेनं काढलेल्या धुऱ्यावर ती हळूहळू फिरत होती.

“केळं नाही लावलं त्यानं,” पोरगा खालच्या आवाजात म्हणाला.

त्यानं नोटा गोळा केल्या. मोजल्या, परत मोजल्या. दहा होत्या, आता नऊ भरत होत्या. येताना पेट्रोल टाकलं होतं.

आज्यानं आधी त्याच्या मनगटाची सुतळी सैल केली. मग धोतराच्या सोग्याची गाठ सोडायला घेतली. तिला वेळ लागला. आत चुरगळलेल्या दहा-वीसच्या नोटा होत्या, त्या एकेक करून तो बाजेवर सरळ करू लागला.

“टपरी किती वाजता बंद होते?” त्यानं विचारलं.