तेलाचा द्राविडी प्राणायाम

अर्जेंटिना-ब्राझीलहून निघालेले कच्चे सोयाबीन तेल कोलकाता किंवा हल्दिया बंदरात उतरते. नेपाळला समुद्र नाही. म्हणून पारगमनाच्या सवलतीने ते बंगाल-बिहार ओलांडून विराटनगर, वीरगंजच्या कारखान्यांत जाते. तिथे शुद्ध होते आणि जोगबनी-रक्सौलच्या नाक्यांवरून पुन्हा बिहारमध्ये येते. नेपाळात सोयाबीन पिकते ते नावापुरते. तरी अलीकडच्या काही वर्षांत त्या देशाच्या निर्यातीत सोयाबीन तेल अग्रस्थानी पोहोचले.

हा द्राविडी प्राणायाम कुणी हौसेने करत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर आणि शुद्ध तेलावरचे १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर नेले. नेपाळहून येणाऱ्या तेलाला मात्र व्यापार करारामुळे शुल्क माफ. वळशाचे भाडे आणि शुद्धीकरणाचा खर्च भागवूनही गाठीला पैसा उरत असेल, तर व्यापारी वळसा घेणारच. शेजाऱ्यांमधला करार व्यापाराची मुभा देतो. व्यापार कशाचा व्हायचा, ते पुष्कळदा शुल्कातली तफावत ठरवते.

आपल्याला याचा अनुभव जुना आहे. १९६०च्या दशकात भारतात आयातीवर कडक निर्बंध होते, तेव्हा नेपाळात स्टेनलेस स्टीलची भांडी आणि कृत्रिम धाग्याचे कापड बनवणारे कारखाने भराभर निघाले. कच्चा माल परदेशी, गिऱ्हाईक भारतीय. पुढे १९९६च्या करारात भारताने स्थानिक घटकांची अट काढून टाकली आणि वनस्पती तूप, तांब्याच्या वस्तू, ॲक्रिलिक सूत यांचा ओघ सुरू झाला. २००२च्या नूतनीकरणात मूल्यवर्धनाची अट परत आली, या वस्तूंना वार्षिक कोटेही ठरले. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाची आयात निर्बंधित केली, तर नेपाळचे कारखानदार सोयाबीनकडे वळले. दर वेळी एक वस्तू अडवली की तफावत दुसरी वस्तू शोधते.

आता शुल्क ज्याच्या नावाने वाढले त्या शेतकऱ्याकडे पाहू. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची रास सौद्याला लागली की आधी ओलावा पाहिला जातो. हमीभावाच्या खरेदीला मर्यादा १२ टक्क्यांची. २०२४च्या हंगामात ती १५ पर्यंत शिथिल करावी लागली. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. तेलावरचे शुल्क वाढूनही भाव का उचलला नाही? क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते जेमतेम १८ किलो. बाकी बहुतेक पेंड. पेंडेला परदेशात पुरेसे गिऱ्हाईक नाही आणि देशात मक्याच्या इथेनॉलमधून उरणारा स्वस्त चोथा पशुखाद्यात शिरलेला. अशा वेळी तेलावरचे शुल्क दाण्याच्या भावापर्यंत फारसे झिरपतच नाही. त्यात नेपाळमार्गे गळती. सरकारचा महसूल बुडतो, शेतकऱ्याला भाव मिळत नाही. मधली रक्कम वाटून घेतात ते आयातदार, कारखानदार आणि वाहतूकदार.

म्हणून नेपाळला चोर ठरवणे सोपे असले तरी बरोबर नाही. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमनाचे करार संपले, तेव्हा भारताने बहुतेक नाकी बंद केली आणि काठमांडूत रॉकेलसाठी रांगा लागल्या. ज्याचा निम्म्याहून अधिक व्यापार एकाच शेजाऱ्याशी आहे, त्याला शुल्कमाफी हा उपकार वाटत नाही. भूगोलाची थोडीशी भरपाई वाटते. पण नेपाळच्याही पदरी यातून फार पडत नाही. कच्च्या तेलासाठी डॉलर मोजायचे, बदल्यात भारतीय रुपये घ्यायचे, आणि दिल्लीतून एक अधिसूचना निघाली की यंत्रे थांबवायची.

याच्या शेजारी विजेचा व्यवहार ठेवून पाहावा. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळची जलविद्युत भारताच्या वीजबाजारात विकली जाते. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉटपर्यंत मजल मारण्याचा करार झाला. पावसाळ्यात नद्या भरल्या की नेपाळकडे वीज उरते, हिवाळ्यात पाणी आटले की तोच देश आपल्याकडून वीज घेतो. इथे कमाई नदीच्या उतारावर आहे, शुल्काच्या तक्त्यावर नाही. इलामच्या चहाचे आणि मोठ्या वेलदोड्याचेही तेच. भारताने उद्या सगळे शुल्क काढले तरी हा व्यापार टिकेल. शुद्ध तेलाचा टिकणार नाही. शेजारकराराची खरी परीक्षा हीच.

मे २०२५ च्या अखेरीस भारताने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले. वळशाचा फायदा घटला, पण सोयाबीनवाल्यासाठी म्हणून घातलेला बांधही तेवढाच खाली आला. तेलाच्या शुल्कातून शेतकऱ्याला सावरायला गेलो की हा पेच सुटत नाही: बांध उंच ठेवला तर बाजूने पाझर, खाली आणला तर शेत उघडे. त्यापेक्षा हमीभावाने वेळेवर खरेदी करावी, भावातला फरक थेट खात्यावर द्यावा आणि पेंडेला बाजार शोधावा. त्यासाठी तिजोरीतून उघडपणे पैसा काढावा लागतो. शुल्क वाढवायला एक अधिसूचना पुरते. सरकारांना दुसरा मार्ग आवडतो. त्याचा खर्च दिसत नाही एवढेच. तो आपल्या फोडणीतून वसूल होत असतो.