राखेतले सोने कोणाचे?

वाचक माउली, एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. कारागीर आपल्या शिष्याला हात शिकवू शकतो, हे आपण सारे जाणतो. पण नियत शिकवता येते का? येत असेल तर ती कोणत्या वेळी, कशी शिकवली जाते? हा प्रश्न कोणत्याही धंद्याला विचारता येईल. सोनाराच्या धंद्याला विचारला म्हणजे त्याची धार कळते, कारण सोनार जन्मभर दुसऱ्याचे सोने हाताळतो.

शेतकऱ्याचे धान्य त्याचे स्वतःचे असते. कुंभाराची माती कोणी गुंजेने तोलत नाही. सोनाराकडे मात्र नातीच्या लग्नासाठी मोडायला काढलेली आजीची पाटली येते. ती मुशीत वितळते आणि तिची ओळख पुसली जाते. मग तार ओढली जाते, पत्रा ठोकला जातो, सांधे झाळले जातात, कानशीने घासताना किस पडतो. जुन्या मापाने 8 गुंजांचा मासा आणि 12 माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात 96 गुंजा. त्यातली एखादी गुंज कुठे गेली, हे सोनाराखेरीज कोणी सांगू शकत नाही. या तुटीला घट म्हणतात, आणि घट खरीही असते. सोने किसात जाते, राखेत जाते, केरात जाते. म्हणून तर झारेकरी सोनाराच्या दुकानातली राख आणि केर धुऊन त्यातल्या कणांवर पोट भरत आले. घट किती खरी आणि किती सांगितलेली, एवढाच प्रश्न उरतो.

नवा पोरगा कामाला बसला की त्याच्या हाती लगेच कोणी सोने देत नाही. आधी केर काढायचा, बागेसरीतले निखारे फुंकायचे, सांडलेला किस वेचायचा. या दिवसांत तो काही शिकत नाही असे आपल्याला वाटते. खरे तर त्याचा पहिला धडा तेव्हाच चालू असतो. वेचलेला किस उस्ताद गिऱ्हाइकाच्या पुडीत टाकतो की आपल्या डबीत, हे तो मुकाट्याने पाहत असतो.

सातासमुद्रापलीकडचा एक दाखला पाहू. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात 1500 साली बेन्व्हेनुतो चेलिनी नावाचा मुलगा जन्मला. बाप वादक होता. मुलाने बासरी वाजवावी अशी त्याची फार इच्छा. मुलाने हातोडी धरली आणि पंधराव्या वर्षी तो सोनाराकडे शिकायला बसला. पुढे त्याने फ्रान्सच्या राजासाठी सोन्याचे एक मीठदान घडवले. समुद्राचा देव आणि भूदेवी समोरासमोर बसलेले, त्यावर मीनाकारी. आज ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. एवढा हात चालणारा सोनार क्वचितच होतो. उतारवयात त्याने आपली विद्या ग्रंथात उतरवली. 1568 साली छापलेल्या या ग्रंथात तारकाम कसे करावे, मीना कसा भरावा, माणकाखाली कसला वर्ख ठेवला म्हणजे रंग खुलतो, असे सगळे त्याने उलगडून सांगितले. विद्या लपवली नाही, हा त्याचा मोठेपणाच.

मात्र हा माणूस साधू नव्हता. भावाच्या मृत्यूचा सूड म्हणून त्याने एकाला मारले, पुढे एका प्रतिस्पर्धी सोनारालाही ठार केले. हे त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहवून घेतले आहे. त्याच आत्मचरित्रातली एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहे.

1527 साली रोम शहर लुटले गेले. ख्रिस्ती धर्मगुरू पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात अडकला. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून त्याने चेलिनीला आपल्या मुकुटांवरची रत्ने काढून सोने वितळवायला सांगितले. काम झाले, सोने पोचते केले. मागे राख उरली. चेलिनीने ती धुतली, तेव्हा राळ्याच्या दाण्यांसारखे सोन्याचे कण निघाले. घरी जायला पैसे नव्हते. वेळ येईल तेव्हा परत करू, असे मनाशी म्हणून त्याने ते ठेवून घेतले.

आता पाहा. राखेचा हिशेब कोणी मागितला नव्हता. मागितला असता तरी घट म्हणून सांगता आले असते. तरीही हा उग्र, भांडखोर माणूस पुढे पोपसमोर गुडघे टेकून ती राख आठवतो आणि क्षमा मागतो. क्षमा मिळालीही. माणसाच्या आत कुणीतरी ताजवा धरून बसलेला असतो, आणि तो राखसुद्धा तोलतो, असे मला या गोष्टीवरून वाटते. अलंकार कसा घडवावा हे त्याच्या ग्रंथात आहे. राखेचे काय करावे याचा धडा मात्र त्याला आयुष्यातूनच घ्यावा लागला.

आपण म्हणाल, आता काळ बदलला, कायदा आहे. खरे आहे. 16 जून 2021 पासून आपल्या देशात दागिन्यांवरचा हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. 22 कॅरटवर 916 चा शिक्का असतो, प्रत्येक डागाला सहा अक्षरांकांची ओळख असते. त्याने गिऱ्हाइकाचे कल्याणच झाले. पण शिक्का दागिन्याचा कस सांगतो, घडवणाऱ्याचा नाही. जे दागिन्यात आलेच नाही, राखेत राहिले, त्यावर शिक्का कुठे मारणार?

आता आपल्या पंढरीत येऊ. नरहरी सोनार महाराजांची कथा आपण माघ वद्य तृतीयेला, त्यांच्या पुण्यतिथीच्या कीर्तनात ऐकत आलो आहोत. महाराज कट्टर शिवभक्त. विठ्ठलाचे तोंड पाहायचे नाही हा त्यांचा नेम. एका सावकाराने देवासाठी सोन्याचा करदोडा सांगितला. माप आणले, करदोडा घडला, पण तो देवाच्या कमरेला बसेना. पुन्हा घडवला, पुन्हा बसेना. शेवटी महाराज डोळ्यांवर पट्टी बांधून राऊळात गेले. हाताला शिवाची खूण लागली, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. हरिहर एकच, हा या कथेचा बोध आपण जाणतोच.

माझे मागणे एवढेच, की त्याआधीच्या पावलाकडेही पाहावे. महाराज राऊळात गेले कशाने? भक्तीने नाही, त्यांचा तर न जाण्याचा नेम होता. त्यांना तिथे नेले त्यांच्या कामाच्या इमानाने. सांगितलेल्या मापाचा डाग मी दिला, बसत नसेल तर तुमचे नशीब, असे ते म्हणू शकत होते. मजुरी बुडाली नसती, नेमही मोडला नसता. पण दुसऱ्याचे सोने आपल्या हातून वाकडे गेले, हे त्यांना सोसवले नाही. त्या न सोसण्यानेच त्यांना विटेपर्यंत आणले. डोळे झाकलेले असतानाही खरा हात वाट चुकला नाही. पुढे याच महाराजांनी आपल्या अभंगात मूस, हातोडा आणि ताजवा आणला, यात नवल ते काय? ती अवजारे आधीच देवाच्या कामाला लागली होती.

माउली, आपण सोनार नसू, पण दुसऱ्याचे सोने आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे. दिंडीची भिशी कोणाच्या तरी हाती असते. वारी संपल्यावर उरलेला शिधा, राहिलेले रॉकेल, ट्रकच्या भाड्यातून वाचलेले चार पैसे, ही आपली राख. तिचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. मागितला तर घट सांगता येते. पंगतीत वाढणारी माय, देवस्थानाची पेटी मोजणारा पंच, शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवणारी ताई, सगळ्यांच्या चुलीत ही राख साठते.

आणि पाहणारे पोरगे शेजारीच बसलेले असते. त्याला आपण हरिपाठ पाठ करून घेतो, पखवाजावर बोल काढायला शिकवतो, गळ्यात माळ घालतो. ते सारे हवेच. पण भिशीच्या वहीत उरलेली रक्कम आपण कुठे मांडतो, हे ते पोरगे काही न बोलता शिकते. नियत शिकवता येते का, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे: आपण ती रोज शिकवतच असतो, चांगली किंवा वाईट.

पंढरीनाथाच्या कमरेला करदोडा बसला, कारण घडवणाऱ्याने बसत नसलेला करदोडा तसाच सोडला नाही. आपल्या हातचे जे बसत नाही, ते कोणी पाहण्याआधी आपणच पुन्हा मुशीत घालावे. राख धुवावी. निघेल तो कण ज्याचा त्याच्या पुडीत टाकावा. मग देवाच्या दारात जाताना हात झाकावे लागणार नाहीत.

रामकृष्णहरी.