गाडीतला दम आणि हातातला आवर

मुलगा अठरा वर्षांचा झाला, कॉलेजात रुळला, की अनेक घरांत गाडीचा विषय निघतो. वडिलांना शंभर सीसीची पुरेशी वाटते, मुलाला त्याहून मोठी हवी असते. त्याचे म्हणणे असते, ‘‘बाबा, गाडीत दम असला की ओव्हरटेक करताना अडकायला होत नाही. मोठी गाडीच जास्त सेफ!’’ हा नुसता हट्ट समजून उडवून लावू नये. मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे.

मागे माणूस, टाकीवर पिशवी आणि समोर घाट चढणारा ट्रक, अशा वेळी शंभर सीसीच्या गाडीचा जीव मेटाकुटीला येतो. समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला आपण जितका वेळ राहतो, तितका वेळ धोका असतो, आणि चांगला पिकअप तो वेळ कमी करतो. मोठ्या गाड्यांचे ब्रेकही सहसा उजवे असतात. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, तेव्हा त्याखालच्या गाड्यांना ती सक्ती नव्हती.

अभ्यास काय सांगतात? अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातले नऊशे मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१च्या त्यांच्या अहवालात मोठ्या इंजिनाच्या गाड्या अपघातांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमी आढळल्या. मात्र अपघात झालाच, तर त्यातली इजा अधिक गंभीर होती. २००७ मध्ये तिथल्याच महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने गाड्यांच्या प्रकारांची तुलना केली. शर्यतीच्या धर्तीवरच्या सुपरस्पोर्ट गाड्यांच्या चालकांचा मृत्युदर आरामात फिरण्याच्या क्रूझर आणि साध्या गाड्यांच्या जवळपास चौपट निघाला. क्रूझरचे इंजिन तर कित्येकदा सुपरस्पोर्टपेक्षा मोठे असते! म्हणजे प्रश्न केवळ सीसीने सुटत नाही. गाडी कशासाठी बनवली आहे आणि तिच्यावर कोण बसले आहे, हेही पाहावे लागते.

मला यात एक नैतिक प्रश्न दिसतो. इंजिनाची ताकद ही अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशासारखी आहे. ती शिल्लक असते तोवरच आधार असतो. रोज सकाळी सिग्नल सुटल्याबरोबर ती उधळली, तर खऱ्या संकटाच्या क्षणी हाताशी काहीच उरत नाही. ऐंशीच्या दशकात म्युनिकच्या काही टॅक्सींना एबीएस बसवून पाहिले होते. त्यांचे अपघात अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत, कारण चालक अधिक बेधडक गाडी हाकू लागले होते. मिळालेली सुरक्षितता माणूस नकळत वेगात खर्च करतो.

हा खर्च फार महाग पडतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतरही साधारण चौपट होते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते, म्हणजे डोळ्यांना धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढा रस्ता सरलेला असतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती, आणि एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांच्या मागे अतिवेग असल्याची नोंद आहे. या किमतीचा वाटा शाळेतून घरी निघालेले पोर आणि भाजी घेऊन रस्ता ओलांडणारी आजीही भरते. त्यांना कोणी विचारलेले नसते. म्हणून ‘जीव माझा, मर्जी माझी’ हे उत्तर मला मान्य नाही.

युरोपीय संघाने २०१३ पासून परवान्याच्या पायऱ्या केल्या आहेत. सोळाव्या वर्षी १२५ सीसी आणि पंधरा हॉर्सपॉवरपर्यंत, अठराव्या वर्षी सत्तेचाळीसपर्यंत. त्यापुढची गाडी हवी तर दोन वर्षांचा अनुभव हवा, नाहीतर वयाची चोविशी. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली की आठ हॉर्सपॉवरची स्प्लेंडर आणि एकशे ऐंशीहून अधिक हॉर्सपॉवरची हायाबुसा, दोन्हींना एकच लायसन्स चालते. पायऱ्यांचा हा कायदा आपल्याकडेही झालाच पाहिजे. तो होईपर्यंत ही जबाबदारी घराने उचलायला हवी.

पहिली दोन वर्षे लहान गाडी द्या. ब्रेक, वळण आणि ओला रस्ता यांचे रीतसर शिक्षण द्या. हर्ट यांच्या पाहणीतले ९२ टक्के स्वार स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. शक्य असेल तिथे एबीएसची गाडी निवडा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घ्या. या काळात मुलगा रिकाम्या रस्त्यावर, कोणी पाहत नसतानाही वेग आवरतो का, हे बघा. आवरत असेल, तर मोठी गाडी त्याला खरोखरच अधिक सुरक्षित ठरेल. आवरत नसेल, तर ऐपत असली तरी, तो कितीही रुसला तरी, नाही म्हणा. त्या वयात त्याच्यावर माया करण्याची तीच खरी रीत आहे.