आधी बसून हिशेब करा



रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात तरुण जोडपी आम्हाला भेटतात. लग्नाला दोन-तीन वर्षे झालेली असतात, कडेवर एखादे बाळ असते. हळूच सांगतात, "फादर, फ्लॅट बघतोय. जरा प्रार्थना करा." आम्ही आनंदाने प्रार्थना करतो. भाड्याच्या खोलीत दर ११ महिन्यांनी बिऱ्हाड हलवणाऱ्याला स्वतःच्या दाराची ओढ लागणे स्वाभाविक आहे. त्या ओढीत पाप नाही. अब्राहामालादेखील परक्या देशात आपल्या सारेसाठी हक्काची जमीन हवी होती आणि ती त्याने चारचौघांसमोर ४०० शेकेल चांदी तोलून विकत घेतली.

मात्र प्रार्थना मागणारे पुष्कळ असतात; "फादर, या घरासाठी आमची तयारी झाली आहे का?" असे विचारणारे फार थोडे. या रविवारी आपण त्याच प्रश्नावर चिंतन करू या.

लूकलिखित शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टान्त देतो. काम तडीस न्यायला आपल्याजवळ पुरेसे आहे की नाही, याचा हिशेब तो माणूस आधी बसून करणार नाही का, असे प्रभू विचारतो. नाहीतर पाया घालून झाल्यावर हात रिकामे होतात आणि येणारे-जाणारे हसतात. प्रभू हे आपल्या शिष्यत्वाविषयी बोलत होता, हे खरे. पण दाखला त्याने घर-बांधणीचा निवडला! नासरेथच्या सुताराला बांधकामाचा खर्च ठाऊक होता. त्याच्या वचनातला 'बसून' हा शब्द आपण नीट ध्यानी घेऊ. उभ्या उभ्या, सॅम्पल फ्लॅटच्या झगमगाटात, एजंट घाई करीत असताना केलेला हिशेब हा हिशेब नव्हे. घर घेण्याआधी घरातील माणसांनी एकत्र बसले पाहिजे.

बसून कोणते हिशेब करायचे? आम्हाला तीन सुचतात.

पहिला हिशेब पैशाचा

समजा, घराची किंमत ४० लाख रुपये आहे आणि बँक ३० लाख कर्ज देते आहे. पुष्कळांना वाटते, १० लाख जमवले की झाले. पण मुद्रांक शुल्क आपल्या भागात सर्वसाधारणपणे सहा ते सात टक्के पडते. नोंदणी शुल्काचे ३० हजार वेगळे. हा खर्च कर्जाच्या हिशेबात धरता येत नाही. तो आपल्याच खिशातून जातो. म्हणजे सुमारे १३ लाख रुपये हाती हवेत. त्यावर दलाली, सोसायटीचे पैसे, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, गॅस. बांधकाम चालू असलेले घर असेल तर जीएसटी निराळा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर तो लागत नाही. घर केवळ पत्नीच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हेही अनेकांना माहीत नसते.

आता कर्ज पाहू. ३० लाख रुपये साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे २६ हजार येतो आणि एकूण फेड ६२ लाखांच्या वर जाते. तेच कर्ज १५ वर्षांत फेडले तर हप्ता साडेतीन हजारांनी वाढतो. पण नऊ लाखांहून अधिक व्याज वाचते. हा आकडा पती-पत्नी दोघांनीही कागदावर पाहिला पाहिजे. एकाने सही करायची आणि दुसऱ्याने नुसती मान हलवायची, हा ख्रिस्ती विवाह नव्हे.

आम्ही तरुणांना एक साधी तालीम सुचवतो. आज भाडे १० हजार असेल आणि उद्याचा हप्ता २६ हजार असेल, तर मधले १६ हजार सहा महिने दर महिन्याला बाजूला टाका. त्यांना हात लावू नका. सहा महिने घर नीट चालले, बाळाचे दूध आणि आईचे औषध थांबले नाही, चिडचिड वाढली नाही, तर तुमची तयारी झाली असे समजा. शिवाय ९६ हजार रुपये शिल्लक पडतील! तिसऱ्याच महिन्यात जीव गुदमरू लागला, तर देवाचे आभार माना. हे घर घेण्याआधी कळले, नंतर नव्हे. मग लहान घर पाहा, किंवा दोन वर्षे थांबा. थांबण्यात कमीपणा नाही.

दुसरा हिशेब सत्याचा

यिर्मयाच्या ग्रंथाचा ३२ वा अध्याय घरी उघडून पाहा. यरुशलेमला वेढा पडला होता, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत होता. अशा वेळी देवाच्या आज्ञेवरून त्याने अनाथोथचे शेत विकत घेतले. पण कसे? चांदीचे १७ शेकेल तराजूत तोलून दिले, खरेदीखत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात घालून जपून ठेवायला सांगितल्या. देवावर एवढा विश्वास असलेला माणूस कागदाच्या बाबतीत एवढा काटेकोर! आणि आपण मात्र 'देव बघून घेईल' म्हणत न वाचता सह्या करतो.

आज ते मडके आपल्याला कायद्याने दिले आहे. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा आहे. नोंदणीयोग्य प्रकल्पाची माहिती तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. दर चटई क्षेत्रावर ठरला पाहिजे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विनाशुल्क दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची असते. जमिनीचा सातबारा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र वकिलाकडून तपासून घ्या. लाखो रुपयांच्या व्यवहारात वकिलाच्या काही हजारांची काटकसर करू नका.

ही केवळ व्यवहाराची गोष्ट नाही. अनुवादाच्या ग्रंथात नियमशास्त्र सांगते की, नवे घर बांधशील तर छताला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. आपल्या भागाला हे वचन वाचताना डोळे मिटवत नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारमध्ये अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ जीव गेले. त्याच वर्षाच्या आरंभी नालासोपाऱ्यात बेकायदा ठरलेल्या ४१ इमारतींवरील पाडकाम पूर्ण झाले आणि पै पै जमवून घरे घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. त्या कुटुंबांना आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो ज्यांनी कठडा बांधला नाही त्यांचा. पण 'स्वस्तात मिळतेय, सगळेच घेताहेत' असे कोणी म्हणाले, की आपण त्या कठड्याची आठवण करावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलू. 'थोडी रक्कम रोख द्या, कागदावर कमी दाखवू' असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. कायद्याच्याही पलीकडे विचार करा. ज्या घराच्या पहिल्याच कागदावर खोटा आकडा आहे, त्या घरात आपण मुलांना आठवी आज्ञा कशी शिकवणार?

तिसरा हिशेब माणसांचा

हा हिशेब सर्वांत अवघड. त्यासाठी एक प्रसंग सांगतो. तो आपल्या धर्मग्रामातला नाही. आम्ही पूर्वी जिथे सेवेला होतो तिथला आहे आणि त्या बंधूच्या परवानगीनेच सांगत आहोत.

नव्या फ्लॅटला आशीर्वाद द्यायला आम्ही गेलो होतो. दारावर फुलांचे तोरण, आत पाहुण्यांची गर्दी, स्वयंपाकघरातून जेवणाचा दरवळ. आम्ही प्रार्थना म्हटली, प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडले. जेवायला बसलो तेव्हा त्याच्या वृद्ध आईच्या ताटातले अन्न तसेच होते. "बाय नाही आली," एवढेच ती पुटपुटली. बाय म्हणजे तिची लेक, त्या घरमालकाची थोरली बहीण.

नंतर त्यानेच सारे सांगितले. फ्लॅटसाठी वडिलांची वाडी विकली होती. वडील मृत्युपत्र न करता गेले होते. बहिणीला घाईघाईने निबंधकाच्या कार्यालयात बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. 'आईच्या औषधपाण्यासाठी कागद करायचेत,' असे तिला सांगितले होते. खरे तिला शेजाऱ्यांकडून कळले. "फादर, तिने मागितले असते तर मी दिले असते," तो म्हणाला. आम्ही विचारले, "पण तू तिला विचारलेस का?" तो गप्प झाला.

बंधू-भगिनींनो, आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. लग्नात दागिने दिले म्हणून तो वाटा संपत नाही. बहिणीने राजीखुशीने, सारे समजून हक्क सोडला तर ते दान आहे. न सांगता सोडवून घेतला तर ती चोरी आहे, मग कागदावर कितीही शिक्के असोत. दुसऱ्याच्या घरादारावर आणि वतनावर डोळा ठेवणाऱ्यांना मीखा संदेष्ट्याने ज्या शब्दांत फटकारले, ते बहीण-भावांनाही लागू आहेत.

माणसांच्या हिशेबात आणखीही काही येते. आई-वडिलांनी म्हातारपणासाठी ठेवलेली ठेव आपण मोडायला लावतो आहोत का? नव्या घरात त्यांना जागा आहे का, की त्यांना विचारलेलेच नाही? हप्त्यासाठी दोघांनाही रात्रपाळी करावी लागली तर बाळ कोणाजवळ राहणार? पहाटेची लोकल आणि रात्रीची लोकल यांच्यामध्ये एकत्र प्रार्थनेला वेळ उरणार का? घर मिळाले आणि घरपण गेले, तर आपण काय कमावले? आणि हो, घराच्या आशीर्वादाला बँड आणि दोनशे पानांचे जेवण हवेच, असे ख्रिस्तसभा कुठेही सांगत नाही. आशीर्वादाला पाणी, क्रूस आणि समेटाने जमलेली माणसे पुरतात.

त्या बंधूचे पुढे काय झाले? एका रविवारी तो पत्नीला घेऊन बहिणीच्या दारी गेला. तिचा वाटा एकदम देणे शक्य नव्हते, म्हणून दर महिन्याला ठराविक रक्कम द्यायची असे त्याने लिहून दिले. हप्त्याखाली आधीच वाकलेला तो, आणखी थोडा वाकला. बहिणीने कागद घेतला, चहाही दिला. पण आम्ही तिथून बदलून आलो तोवर तिने त्या फ्लॅटचा उंबरठा ओलांडला नव्हता. आई रोज वाट पाहत होती. काही हिशेब नंतर चुकते करताना फार महाग पडतात. म्हणूनच प्रभू म्हणतो, आधी बसा.

तेव्हा घर पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आमची विनंती आहे. या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा. पती-पत्नी, आई-वडील आणि शक्य असेल तर भाऊ-बहीण एकत्र बसा. मेणबत्ती लावा, छोटी प्रार्थना म्हणा आणि मग वही उघडा. तीनही हिशेब त्याच वहीत मांडा. कोणाच्या मनात काही सलत असेल तर ते त्याच दिवशी बोलू द्या. आकडेमोड अडली तर आपल्या धर्मग्रामात बँकेत काम केलेली मंडळी आहेत. त्यांना विचारायला लाजू नका. आणि घर झाले की आम्हाला जरूर बोलवा. आम्ही येऊ, आणि आल्यावर कोण कोण आले आहे हे आधी पाहू.

आपण प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, नासरेथच्या छोट्या घरात तू मरिया आणि योसेफ यांच्यासह राहिलास. स्वतःच्या घराची आस धरलेल्या आमच्या सर्व कुटुंबांना थांबण्याचे धैर्य, खरे बोलण्याचे बळ आणि एकमेकांचा वाटा ओळखणारे हृदय दे. ज्यांची घरे गेली त्यांना आसरा दे. आमच्या दारातून रागावून गेलेली माणसे परत येवोत. आमेन.