कापडाचे आकाश

कृत्रिम साधनाने सत्य सांगता येते का? छायाचित्रकार सुब्रत मित्र (१९३०–२००१) यांचे काम या प्रश्नाला थेट भिडते. ‘पथेर पांचाली’ हा चित्रपट हाती घेतला तेव्हा त्यांनी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलाही नव्हता. पुढे ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले गेले. चहूबाजूंनी भिंती असलेल्या अशा चौकात वरून आकाशाचा मऊ, जवळजवळ सावलीविरहित उजेड उतरतो. स्टुडिओचे थेट दिवे मात्र ठळक सावल्या पाडतात. म्हणून मित्र यांनी सेटच्या वर पांढरे कापड ताणले, खालून दिवे त्यावर टाकले आणि परतून आलेल्या प्रकाशात चित्रण केले.

ही फसवणूकच, असा आक्षेप निघेल. जाहिरातही असाच उजेड रचते. इथे वेदान्तातला दोरी-सापाचा दृष्टान्त कामी येतो. अंधारात दोरी साप वाटते; दोरी ओळखली की साप नाहीसा होतो. ज्ञानाने मोडतो तो भ्रम. पण कापडाची युक्ती कळल्यावरही ‘अपराजितो’तले अंगण मोडत नाही. उलट, खऱ्या चौकातला उजेड कसा असतो, हे आपण अधिक नीट पाहू लागतो. खोटा माल खपवणाऱ्या जाहिरातीची रचना उघडी पडली, की तिचा दावाच कोसळतो. म्हणजे सत्याची कसोटी साधन नैसर्गिक आहे का, ही नव्हे. साधन उघड झाल्यावर काय उरते, ही आहे.