कोपऱ्यातला गडी

प्रो कबड्डी लीगच्या लिलावात खेळाडूंचे तीन वर्ग असतात: चढाईपटू, बचावपटू आणि अष्टपैलू. कोपऱ्यात उभा राहणारा गडी आणि मधल्या फळीत उभा राहणारा गडी दोघेही ‘बचावपटू’ या एकाच वर्गात मोडतात. यादी आटोपशीर राहावी म्हणून हे ठीक आहे. पण भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात शिकणारा, नागपूर विद्यापीठाच्या संघाचे दार ठोठावणारा कोपरारक्षक व्यावसायिक कबड्डीच्या लायकीचा आहे की नाही, हे ठरवायची वेळ आली की ही वर्गवारी निरुपयोगी ठरते. मग निवड करणारी मंडळी हाताशी असलेल्या एकाच आकड्याकडे वळतात. पकडी किती केल्या? माझे म्हणणे असे, की कोपरारक्षक पारखायला हा आकडा सर्वांत कमी उपयोगाचा आहे. त्याने कोणत्या चढाईला हात घातला नाही आणि त्यामुळे समोरच्याला काय करता आले नाही, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

मैदानाची मापे ध्यानात घेतली की या गड्याचे काम उलगडते. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत साडेसहा मीटर अंतर असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनस रेषेच्या मागे उरते पावणेदोन मीटरची पट्टी, आणि कोपरारक्षकाचा बहुतेक खेळ या पट्टीत चालतो. चढाईपटू दम घेत त्याच्याकडे सरकतो, निदानरेषा ओलांडतो आणि पुढचा पाय बोनस रेषेकडे टाकून हूल देतो. वजन अजून मागच्या पायावर असेल तर तो टाकलेला पाय तसाच खेचून घेईल आणि चवड्यासाठी झेपावलेल्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून निघून जाईल. वजन पुढच्या पायावर आले असेल, आणि बोनस घ्यायचा तर मागचा पाय उचलावाच लागतो, तर चवडा हाती लागतो. म्हणून जाणता कोपरारक्षक चढाईपटूच्या हातांकडे किंवा चेहऱ्याकडे फारसा बघत नाही. त्याची नजर मागच्या टाचेवर असते. टाच उचलली जाईपर्यंत थांबणे आणि ती उचलताक्षणी न थांबणे, एवढीच ही विद्या. पण क्षणभर आधी गेला तर गडी बाद, क्षणभर उशिरा गेला तर बोनस गेला.

आता हिशेब पाहू. एका मुलाने सामन्यात आठ वेळा पकडीचा प्रयत्न केला, पाच यशस्वी झाल्या, तीन फसल्या. दुसऱ्याने चारदा प्रयत्न केला, तीन यशस्वी, एक फसली. वर्तमानपत्रात पहिल्याचे नाव येणार, कारण पाच पकडी म्हणजे ‘हाय फाइव्ह’. पण फसलेल्या प्रत्येक पकडीचा गुण समोरच्याला मिळतो, त्यामुळे दोघांचीही निव्वळ कमाई दोनच गुणांची. शिवाय पहिला गडी तीनदा बाद होऊन बाहेर बसला. तो बाहेर असताना ती बाजू कोणीतरी सवय नसलेल्याने सांभाळली, आणि त्या काळात तिथून गेलेले गुण कोणाच्याच नावावर लागले नाहीत. चवडा अर्धवट धरला गेला आणि मदतीला आलेले दोघे चढाईपटूसकट मध्यरेषेपर्यंत फरफटत गेले, तर एका अधीर झेपेपायी तीन गडी जातात. याउलट चढाई रिकामी गेली तर कोणाचाच गुण जात नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की लीगच्या नियमानुसार तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे पहिल्या दोन चढायांत शांत उभा राहिलेला कोपरारक्षक तिसऱ्या वेळी चढाईपटूला आपल्या अंगणात यायला भाग पाडतो. हे काम गुणफलकावर कुठेच दिसत नाही.

व्यावसायिक संघांना हे कळत नाही असे नाही. २०१८ मध्ये इराणचा फजल अत्राचली एक कोटी रुपयांना यू मुंबाकडे गेला. लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला परदेशी खेळाडू, आणि तो डावा कोपरारक्षक. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत उपान्त्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरवले. १९९० पासून ओळीने सात सुवर्णपदके घेणाऱ्या संघाला चाळीस मिनिटांत अठराच गुण मिळावेत, यातच बचाव कसा होता ते आले. २०२३ मध्ये त्याच इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले. पण हे सिद्ध झालेल्या खेळाडूंचे भाव आहेत. ज्याच्या शेकडो चढायांचे चित्रण उपलब्ध आहे त्याला पारखणे सोपे असते. २०२४ च्या लिलावात अ गटाची पायाभूत किंमत ३० लाख होती आणि ड गटाची ९ लाख. भंडाऱ्याच्या मुलाचा प्रश्न या ९ लाखांच्या उंबरठ्यावरचा आहे, आणि तिथे पाहणाऱ्यापाशी पाच-दहा मिनिटांपलीकडे वेळ नसतो.

तिथवर पोचायची वाटही पाहायला हवी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. तुमसर, साकोली किंवा पवनीच्या महाविद्यालयातला मुलगा आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो, तिथून विद्यापीठाच्या संघात, मग पश्चिम विभागाच्या आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा ही त्यापुढची पायरी. २०२२ च्या लिलावात या स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या दोन संघांचे खेळाडू थेट यादीत घेतले गेले, ही चांगली गोष्ट झाली. पण नीट पाहा, निवड संघाची झाली. अंतिम फेरी न गाठणाऱ्या विद्यापीठातला उत्तम कोपरारक्षक या दाराने आत येऊ शकत नाही. एकट्याच्या बळावर संघ अंतिम फेरीत नेता येतो तो चढाईपटूला. कोपऱ्यातल्या गड्याला ते अवघडच, कारण त्याने चवडा धरल्यावर मधल्या गड्याची धडक वेळेवर आली नाही तर त्याचे कौशल्य बाद गड्यांच्या ओळीत जाऊन बसते. दुसरी वाट निवड चाचण्यांची. तिथे शे-दोनशे मुले येतात, अनोळखी सात जणांचा संघ उभा केला जातो आणि दहा मिनिटांत जो तीन-चारदा झेपावतो तो नजरेत भरतो. थांबून राहणारा मुलगा तिथे भित्रा ठरतो.

हा पेच आपल्यापुरताच नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये बचावफळीच्या टोकाला उभा राहून चेंडू फेकणाऱ्यावर बाहेरून चाल करणारा ‘डिफेन्सिव्ह एंड’ असतो, आणि तिथले व्यावसायिक संघ दरवर्षी महाविद्यालयांतून अशी मुले पाळीपाळीने निवडतात. त्याआधी त्यांची धाव, उडी, वजन, हाताची लांबी सगळे मोजले जाते. २००८ मध्ये ओहायो स्टेटचा व्हर्नन घोल्स्टन या मोजमापांत डोळे दिपवून गेला आणि सहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सने त्याला उचलले. तीन हंगामांत त्याला चेंडू फेकणाऱ्याला एकदाही पाडता आले नाही. त्याच्या पाच वर्षे आधी ॲरिझोना स्टेटचा टेरेल सग्ज धावण्याच्या मोजणीत संथ ठरला होता. तो दहाव्या क्रमांकावर गेला आणि पुढे कारकिर्दीत १३९ वेळा त्याने हे काम केले. यावर कोणी म्हणेल, सग्जने महाविद्यालयाच्या शेवटच्या हंगामात २४ वेळा फेकणाऱ्याला पाडले होते. म्हणजे संख्याच खरी ठरली की! पण घोल्स्टनच्या नावावरही शेवटच्या हंगामात १४ होते. संख्या एकाच्या बाबतीत खरी ठरली, दुसऱ्याच्या बाबतीत फसली. शिवाय एक मूलभूत फरक आहे. त्या खेळात चाल फसली तर खेळाडू पुढच्या डावाला पुन्हा उभा असतो. कबड्डीत फसलेला गडी मैदानाबाहेर जातो. प्रयत्नाची किंमत जिथे इतकी मोठी आहे, तिथे नुसत्या यशाची मोजदाद तिथल्यापेक्षाही जास्त दिशाभूल करते.

आता आक्षेप. पहिला असा, की संयम आणि भीती बाहेरून सारखीच दिसते. मग न केलेल्या पकडीचे श्रेय कसे द्यायचे? आक्षेप रास्त आहे, पण उत्तर मैदानावरच मिळते. भिणारा गडी चढाईपटू आला की अंतिम रेषेकडे सरकतो आणि आपली पट्टी मोकळी करून देतो. थांबणारा गडी जागा सोडत नाही, फार तर अर्धे पाऊल पुढे येतो, आणि चढाईपटूला बोनसचा विचार सोडून दुसऱ्या बाजूला वळावे लागते. आणि तिसरी चढाई आली की पडताळा होतोच. तेव्हाही जो हात घालत नाही त्याला संयमी म्हणायचे कारण नाही. नितेशकुमारने २०१८ च्या हंगामात यूपी योद्धाकडून उजव्या कोपऱ्यात खेळताना शंभर पकड-गुण घेतले, एका हंगामात शतक गाठणारा तो पहिला बचावपटू. तेव्हा थांबणे म्हणजे हात बांधून उभे राहणे नव्हे, हेही मान्य. माझा रोख पकडींवर नाही. पकडींचा आकडा त्याच्या फसलेल्या आणि टाळलेल्या प्रयत्नांपासून तोडून वाचण्यावर आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा. नागपूर विद्यापीठाच्या स्पर्धेतले चढाईपटू हरियाणातल्या चढाईपटूंइतके ताकदवान नसतात. त्यांच्यासमोर कोणीही शहाणा दिसेल. शिवाय भंडाऱ्याकडचे गावोगावचे सामने, धान कापून-चुरून झाल्यावर आणि मंडईच्या दिवसांपासून हिवाळाभर चालणारे, बहुधा मातीवर होतात, तर लीग मॅटवर. यातले अर्धे मी निमूट मान्य करतो. पकडीतली ताकद हलक्या चढाईपटूसमोर कळत नाही. मॅटवर बूट घातलेला पाय वेगळ्या तऱ्हेने वळतो, मातीत घसरणारी टाच तिथे रोवली जाते, त्यामुळे चवड्याची वेळही बदलते. पण यातून निष्कर्ष काय निघतो? दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर सर्वांत जास्त फुगतो तो पकडींचा आकडाच. मागच्या टाचेवरची नजर, पट्टी न सोडण्याची सवय, मधल्या गड्याशी डोळ्यांनी चाललेले बोलणे, हे समोर कोण आहे यावर तितके अवलंबून नसते. ताकद आणि मॅटची सवय एखाद्या हंगामात कमावता येते. अधीरपणा मुरला की तो काढायला फार वेळ लागतो, आणि प्रशिक्षकाला तेवढी उसंत मिळतेच असे नाही. चाचण्या घ्याव्यात, पण त्या ताकद आणि मॅट यांपुरत्या, आणि अंगाने भारी चढाईपटू समोर उभे करून.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र तिसरा आहे. आकडा बाजूला ठेवला की वशिल्याला दार उघडते. ‘याला नजर आहे’ असे म्हणून निवड समितीतला कोणीही आपल्या मंडळाचा पोरगा पुढे करील, आणि दूरच्या तालुक्यातल्या मुलापाशी दाखवायला पाच पकडींचा कागदही उरणार नाही. विदर्भाची स्वतंत्र संघटना असून आणि राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा वेगळा संघ उतरत असूनही इथल्या मुलांना ही धास्ती वाटते, आणि ती निराधार म्हणता येत नाही. पण याचे उत्तर आकडे कमी करण्यात नाही, वाढवण्यात आहे. सामन्याच्या गुणपत्रिकेवर गुण मिळाले ते दिसतात. हुकलेल्या आणि टाळलेल्या गुणांना रकाना नाही. गावच्या स्पर्धांत ‘उत्कृष्ट चढाई’ आणि ‘उत्कृष्ट पकड’ अशी दोन बक्षिसे असतात, आणि ‘उत्कृष्ट पकड’ हमखास त्या झेपेला मिळते जिला प्रेक्षक उभे राहून ओरडले. कोपऱ्यावर आलेल्या चढाया किती, त्यांतल्या रिकाम्या किती, बोनस किती गेले, पकडीचे प्रयत्न किती व फसलेले किती, आणि हा गडी बाहेर असताना त्या बाजूने किती गुण गेले, एवढे सहा आकडे मांडले तर वशिल्याला आजच्यापेक्षा कमीच जागा उरेल. पकडींचा एकटा आकडा ओळखीच्या गुणलेखकाला वाढवून दाखवणे सोपे आहे. सहा आकडे एकमेकांशी जुळवून खोटे लिहिणे जिकिरीचे.

हे करायला यंत्रणा लागत नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात राखीव पाच मुले बाकावर बसलेली असतातच. प्रत्येक संघातल्या एकाकडे वही आणि दोन कोपरे सोपवावेत, दुसऱ्याकडे तिपाईवर लावलेला मोबाइल, तोही अंतिम रेषेच्या मागे, जिथून चढाईपटूची मागची टाच दिसते. सध्याचे हौशी चित्रण बाजूने होते, चढाईपटूचा चेहरा आणि प्रेक्षक दोन्ही चौकटीत यावेत म्हणून, आणि त्यात कोपऱ्यातला गडी बऱ्याचदा पंचांच्या पाठीमागे झाकला जातो. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने चार जिल्ह्यांच्या सामन्यांसाठी वहीचा एकच नमुना ठरवून दिला, तर साकोलीतल्या आणि वर्ध्यातल्या कोपरारक्षकांची तुलना एका हंगामात करता येईल. लीगच्या संघांपर्यंत ही वही पोचली तरी ते ती वाचतील का, याची हमी देता येत नाही. पण निदान विद्यापीठाचा संघ निवडताना ती टेबलावर असेल, आणि तो टप्पा तर पूर्णपणे आपल्याच हातात आहे.